क्वेरी, कोड आणि खोळंबा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘ॲप हळू चालतं, काय करू?’ या वेळच्या पत्रांत हाच सूर पुन्हा पुन्हा आहे. बऱ्याच जणांनी सर्व्हर आधीच मोठा करून पाहिला आहे आणि उपयोग झालेला नाही. आमची कळकळीची विनंती : पैसे घालण्याआधी वेळ कुठे जातो ते मोजा. डेटाबेसात किती, नेटवर्कवर किती, तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये किती. हे तीन आकडे पत्रात असले की उत्तर नेमकं देता येतं. सोबत डेटाबेसची आवृत्ती आणि टेबलातल्या रोंचा (नोंदींच्या ओळींचा) अंदाजही लिहा.

प्रश्न : घाऊक किराणा विक्रेत्यांसाठी जँगोमध्ये (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) ऑर्डरचं ॲप केलंय. २०० ऑर्डरींची यादी लॅपटॉपवर पाव सेकंदात उघडते, क्लाउडवर तीच सहा सेकंद घेते. रॅम दुप्पट केली, फरक शून्य. (वेब डेव्हलपर, पर्वरी)

उत्तर : रॅमचा इथे काही संबंध नाही. तुमच्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक ऑर्डरपुढे ग्राहकाचं नाव आणि खाली मालाची यादी येते. जँगो ही माहिती आधी आणून ठेवत नाही, टेम्प्लेटने मागितली की तेव्हा जाऊन आणतो. म्हणजे यादीची एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न), मग दर ऑर्डरमागे ग्राहकासाठी एक आणि मालासाठी एक : एकूण ४०१. लॅपटॉपवर डेटाबेस त्याच यंत्रात आहे, त्यामुळे एक फेरी अर्ध्यापाऊण मिलिसेकंदात होते. क्लाउडवर मात्र तुमचा ॲप सर्व्हर एका शहरात आणि डेटाबेस दुसऱ्या शहरात आहे. फेरीला १५ मिलिसेकंद धरा, ४०१ फेऱ्यांचे सहा सेकंद झाले.

ग्राहक हा ऑर्डरचा फॉरेन की आहे, म्हणजे दर ऑर्डरमध्ये एकाच ग्राहकाचा संदर्भ आहे. त्याच्यासाठी सिलेक्ट_रिलेटेड लावा. तो जॉइन करून एकाच क्वेरीत ग्राहक आणतो. माल एका ऑर्डरचे अनेक, म्हणून तिथे प्रीफेच_रिलेटेड. तो सगळ्या ऑर्डरींचा माल दुसऱ्या एका क्वेरीत आणून जागच्या जागी जोडतो. ४०१ च्या झाल्या दोन. यातली फसगत अशी : प्रीफेच केल्यावर लूपच्या आत त्याच मालावर पुन्हा फिल्टर लावलात, तर आणलेला माल बाजूला पडतो आणि दर फेरीला नवी क्वेरी जाते. गाळणी हवी असेल तर प्रीफेच ऑब्जेक्टला गाळलेला क्वेरीसेट द्या, नाहीतर पायथनमध्येच इफ लावा. पुढच्या वेळी कोणी टेम्प्लेटमध्ये एक ओळ वाढवली की हा दोष गुपचूप परत येईल, म्हणून टेस्टमध्ये असर्टनमक्वेरीज (क्वेरींची संख्या तपासणारं फंक्शन) लिहून दोनचा आकडा बांधून ठेवा. आणि डेटाबेस ॲपच्याच रीजनमध्ये आणा. हे क्वेरी सुधारल्यावरही कराच.

प्रश्न : पोस्टग्रेस डेटाबेसात बिलांच्या टेबलात १२ लाख रो आहेत. वेळेच्या कॉलमवर इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) आहे, तरी एका दिवसाचा हिशेब काढायला चार सेकंद लागतात. शिवाय मध्यरात्रीनंतरची बिलं आदल्या दिवशी दिसतात. (रेस्टॉरंटचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळणारा, कळंगुट)

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच ओळीत आहे. अट तुम्ही ‘डेट(बिल_वेळ) = २०२५-०८-२७’ अशी लिहिली आहे. इंडेक्स बिल_वेळ या कॉलमवर बांधलेला आहे, आणि तुम्ही शोधता आहात त्यावर फंक्शन चालवून निघालेली तारीख. डेटाबेसला मग बाराही लाख रो वाचून प्रत्येकाची तारीख काढावी लागते. कॉलम उघडाच ठेवा आणि अट दोन टोकांची लिहा : बिल_वेळ >= ‘२०२५-०८-२७ ००:००+०५:३०’ आणि बिल_वेळ < ‘२०२५-०८-२८ ००:००+०५:३०’. दुसरं टोक ‘पेक्षा कमी’ असंच हवं. बिटवीन दोन्ही टोकं धरतो, त्यामुळे पुढच्या दिवशी बरोबर बाराला झालेलं बिलही आत येतं. २३:५९:५९ लिहिलंत, तर त्या सेकंदाच्या अपूर्णांकात झालेलं बिल बाहेर राहतं.

त्या ‘+०५:३०’मध्येच दुसऱ्या तक्रारीचं उत्तर आहे. सर्व्हरचं सेशन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा असतात, म्हणून रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंतची बिलं आदल्या तारखेवर पडतात. मालकालाच रात्री दोनचं बिल आदल्या दिवसाच्या गल्ल्यात हवं असेल, तर ते योगायोगावर सोडू नका. ‘व्यवसाय_तारीख’ असा साध्या डेट प्रकारचा वेगळा कॉलम ठेवा आणि दिवस किती वाजता बंद होतो ते सेटिंगमध्ये लिहा.

बदल केल्यावर एक्स्प्लेन ॲनलाइझ चालवून खात्री करा. ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ जाऊन तिथे इंडेक्सचं नाव यायला हवं. त्याच आउटपुटात अंदाजे रो आणि प्रत्यक्ष रो शेजारी शेजारी असतात. त्यांत शंभर पटींचा फरक दिसला तर टेबलावर ॲनलाइझ चालवा, प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) जुन्या आकडेवारीवर विसंबून आहे. लक्षात असू द्या, एक्स्प्लेन ॲनलाइझ क्वेरी खरोखर चालवतो. डिलीट किंवा अपडेट तपासायचा असेल तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्ये ठेवा, म्हणजे बदल मागे घेतला जाईल.

तुमच्या सॉफ्टवेअरवर अनेक दुकानं असतील तर इंडेक्स (दुकान, बिल_वेळ) या क्रमाने करा : बरोबरीची अट आधी, टोकांची नंतर. चालू धंद्यात इंडेक्स बांधताना ‘कंकरंटली’ शब्द घाला, नाहीतर बांधून होईपर्यंत एकही बिल लिहिलं जाणार नाही. तो ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाच्या) आत चालत नाही, आणि मध्येच फसला तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे राहतो. तो ड्रॉप करून पुन्हा बांधायचा.

प्रश्न : चवथीचा फराळ ऑनलाइन विकणाऱ्या दुकानासाठी साइट केली आहे. शोधात ‘नेवऱ्या’ टाकलं की काही वस्तू दिसतात, काही गायब. डोळ्यांना दोन्हीकडचं नाव अगदी सारखं दिसतं. डेटाबेस पोस्टग्रेस, शोध ‘लाइक’ने. (फ्रीलान्स प्रोग्रामर, मडगाव)

उत्तर : हा प्रश्न मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी गाठतोच, म्हणून सविस्तर लिहितो. ‘नेवऱ्या’ हे नाव तीन प्रकारांनी साठवलेलं असू शकतं.

पहिल्या प्रकारात ऱ हा स्वतंत्र वर्ण येतो, युनिकोड क्रमांक ०९३१ : न, मात्रा, व, ऱ, हलन्त, य, काना, असे सात कोडपॉइंट (युनिकोडमधले क्रमांक दिलेले वर्ण). दुसऱ्यात साधा र (०९३०), हलन्त (०९४डी) आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो-विड्थ जॉइनर, २००डी) : एकूण आठ. तिसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता (०९३सी), मग हलन्त : हेही आठच. कीबोर्ड कुठला, मजकूर कुठून चिकटवला, जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्टरने आणला का, यावर प्रकार ठरतो. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात, ‘लाइक’ मात्र साठवलेले वर्णच जुळवून पाहतो. यूटीएफ-८ मध्ये पहिल्याचे २१ बाइट, उरलेल्या दोघांचे २४. तुमच्या टेबलात लेंग्थ आणि ऑक्टेट_लेंग्थ चालवून पाहा, फरक लगेच दिसेल.

बहुतेक जण इथे एनएफसी नॉर्मलायझेशन (समान वर्ण एका ठरलेल्या रूपात आणण्याची युनिकोडची रीत) लावून मोकळे होतात. त्याने तिसरा प्रकार पहिल्यात बदलतो, कारण ऱ आणि र अधिक नुक्ता यांना युनिकोड समान मानतो. झेडडब्ल्यूजेवाला दुसरा प्रकार आहे तसाच राहतो आणि निम्म्या वस्तू गायबच राहतात. तेव्हा एक फंक्शन लिहा आणि त्यात क्रम असा ठेवा. आधी एनएफसी. मग ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ दिसलं की त्या जागी ‘ऱ, हलन्त’. मग ‘अ’पुढे सुटा अर्धचंद्र (०९४५) असेल तर दोघांच्या जागी एकसंध ॲ (०९७२). ॲपलपासून ॲल्युमिनियमपर्यंत सगळीकडे हा घोळ असतो आणि एनएफसी त्याला हात लावत नाही. शेवटी उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (‘जोडू नको’ सांगणारा तसाच अदृश्य वर्ण, २००सी) काढून टाका. क्रम चुकवू नका. झेडडब्ल्यूजे आधीच पुसलात तर ‘नेवर्‍या’चं ‘नेवर्या’ होतं आणि ऱ परत आणायची खूणच उरत नाही.

हे फंक्शन दोन ठिकाणी चालवायचं : वस्तू साठवताना ‘शोध_नाव’ या वेगळ्या कॉलमसाठी आणि गिऱ्हाइकाने टाकलेल्या शब्दावर. दाखवायचं नाव आहे तसंच ठेवा. बरीच माणसं मोबाइलवर ऱ सापडत नाही म्हणून सरळ ‘नेवर्या’ लिहितात. त्यांनाही फराळ मिळावा असं वाटत असेल तर शोध_नावात ऱ चा र करून टाका. आचाऱ्यांना आणि आचार्यांना हे शब्द मग एक होतील. फराळाच्या दुकानात ते चालतं, शब्दकोशाच्या साइटवर चालणार नाही. काही हजार वस्तूंसाठी या कॉलमवर इंडेक्सही नको.

याच भागातल्या आणखी दोन खाचा. यादी अकारविल्हे लावताना निव्वळ युनिकोडच्या क्रमाने लावलीत तर ळ हा ल च्या पाठोपाठ येतो आणि ‘माळ’ ‘मावा’च्या आधी लागते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर आहे. पोस्टग्रेसमध्ये ऑर्डर बायला ‘एमआर-एक्स-आयसीयू’ हे कोलेशन (क्रम लावण्याचा नियम) द्या. आणि नाव वीस अक्षरांवर कापायचं असेल तर जावास्क्रिप्टचा स्लाइस वापरू नका, तो ऱ् आणि या यांच्या मधून कापेल. इंटल.सेगमेंटर वापरा. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरवर आणि जुन्या लायब्ररींवर स्वतः तपासून घ्या. ऑर्डरचा एसएमएस मराठीत पाठवणार असाल तर एका संदेशात ७० वर्ण बसतात, इंग्रजीसारखे १६० नव्हेत. मात्रा आणि हलन्त हे वेगळे मोजले जातात. ७१ वा वर्ण आला की संदेशाचे दोन तुकडे होतात आणि तुकड्यात ६७ च मावतात.

प्रश्न : जुन्या मायएसक्यूएलमधून ग्राहकांची नावं आणली, तर काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं आहेत आणि काही ठिकाणी विचित्र लॅटिन अक्षरं. परत मिळतील का? (फोंडा)

उत्तर : लॅटिन अक्षरांची माळ दिसते तिथले बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या कॅरेक्टर सेटने वाचले गेले. लॅटिन१ म्हणून बाहेर काढून यूटीएफ-८ म्हणून वाचलंत की नाव परत येईल. आधी प्रतीवर करून पाहा. प्रश्नचिन्हं मात्र साठवतानाच पडली, तिथे मूळ नाव उरलेलंच नाही. ती कागदी नोंदीवरून भरावी लागतील. नवीन टेबल यूटीएफ८एमबी४ मध्येच करा. मायएसक्यूएलचं नुसतं ‘यूटीएफ८’ तीन बाइटांचं असतं. त्यात देवनागरी मावते, इमोजी मावत नाही.

प्रश्न : होमस्टेच्या साइटवर डिसेंबरात एकच खोली दोन पाहुण्यांना गेली. बुकिंग आधी तपासूनच करतो, ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ही आहे. तरी हे कसं झालं? (पाळोळे, काणकोण)

उत्तर : दोघांनी एकाच क्षणी तपासलं, दोघांनाही खोली रिकामी दिसली, दोघांनी नोंद घातली. फॉर अपडेट सापडलेल्या रो कुलूपबंद करतो. तुम्ही तो बुकिंगच्या टेबलावर लावला आहे आणि त्या तारखांना बुकिंगच नव्हतं, मग कुलूप लागणार कशाला? लावायचाच तर खोल्यांच्या टेबलातल्या त्या खोलीच्या रोवर लावा, ती नेहमी असते.

त्याहून पक्का उपाय म्हणजे ही जबाबदारी डेटाबेसच्या नियमावर सोपवणं. तपासणी कोडमध्ये असेल तर उद्या कोणी ॲडमिन पॅनेलमधून किंवा दुसऱ्या स्क्रिप्टमधून बुकिंग घालेल आणि ती वगळली जाईल. पोस्टग्रेसमध्ये एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट आहे : ‘खोली सारखी असेल आणि तारखांचा पट्टा एकमेकांवर येत असेल तर दुसरी रो घेऊ नको.’ त्यासाठी बीट्री_जिस्ट हे एक्स्टेन्शन बसवा, मुक्काम डेटरेंज (तारखांचा पट्टा) प्रकारात ठेवा आणि जिस्ट इंडेक्सवर हा नियम बांधा. पट्टा सुरुवात धरणारा आणि शेवट न धरणारा हवा : २४ ते २७ म्हणजे २४, २५, २६ च्या रात्री. नाहीतर २७ ला सकाळी पाहुणे निघाले तरी त्या दुपारी येणाऱ्यांना खोली मिळणार नाही. नियम मोडला की डेटाबेस २३पी०१ ही चूक देतो. ती पकडून पाहुण्यांना ‘ही खोली आत्ताच गेली’ असं सांगून दुसऱ्या खोल्या दाखवा. ५०० ची (सर्व्हर बिघडल्याची) एरर दाखवू नका.

रद्द झालेली बुकिंगं नियमातून वगळण्यासाठी त्यावर ‘स्थिती रद्द नसेल तरच’ अशी अट घाला. पैसे भरेपर्यंत दहा मिनिटं खोली धरून ठेवता, तिथे बऱ्याच जणांचं अडतं. ‘मुदत आत्ताच्या वेळेपेक्षा पुढे असेल तरच’ ही अट नियमात घालता येत नाही, कारण इंडेक्सच्या अटीत बदलती वेळ चालत नाही. म्हणून मुदत संपलेल्या नोंदींची स्थिती बदलणारं छोटं काम दर मिनिटाला चालवा, आणि नवी नोंद घालण्याआधी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या खोलीच्या शिळ्या नोंदी झाडा.

पेमेंट गेटवेकडून ‘पैसे आले’ हा निरोप दोनदा येऊ शकतो आणि उशिराही येऊ शकतो. पेमेंट क्रमांकावर युनिक इंडेक्स ठेवा म्हणजे दुसरा निरोप आपोआप गळून पडेल. मुदत संपल्यावर निरोप आला तर खोली पुन्हा धरायचा प्रयत्न करा, नाही मिळाली तर परतावा त्याच ठिकाणी सुरू करा. मायएसक्यूएलवर असाल तर एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट नाही. तिथे दर रात्रीसाठी एक रो ठेवून (खोली, तारीख) वर युनिक की लावा.

आणि मुक्कामाच्या तारखेत वेळ आणू नका. ब्राउझरमध्ये २५ डिसेंबरची स्थानिक मध्यरात्र घेऊन टूआयएसओस्ट्रिंग (वेळ यूटीसीत लिहिणारं फंक्शन) केलंत तर भारतात ती २४ तारखेची १८:३० होते आणि पाहुण्यांचं बुकिंग एक दिवस आधीचं पडतं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी साध्या मजकुरात पाठवा.

प्रश्न : बिलाच्या बेरजेत एक पैशाचा फरक येतो. टूफिक्स्ड(२) लावून रक्कम दोन दशांशांवर आणली तरी जात नाही. (म्हापसा)

उत्तर : जावास्क्रिप्टचा नंबर दशांश अपूर्णांक बायनरीत ठेवतो आणि ०.१ तिथे नेमका बसत नाही. १.००५ ला टूफिक्स्ड(२) लावून पाहा, १.०१ ऐवजी १.०० येईल. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. नंबरमध्ये पूर्णांक ९० लाख कोटी रुपयांचे पैसे होईपर्यंत अचूक राहतो, तेव्हा चिंता नको. डेटाबेसात न्यूमेरिक किंवा बिगइंट वापरा, फ्लोट नको.

तुमचा पैसा मात्र दुसरीकडेही हरवतो आहे. ३३.३३ रुपयांच्या तीन वस्तूंवर ५ टक्के कर घ्या. दर ओळीला १.६६६५ चा १.६७ केला तर कर ५.०१, बेरजेवर काढला तर ५.००. आणि एकाच वस्तूवर केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के वेगळा काढलात तर ०.८३ अधिक ०.८३ म्हणजे १.६६. तीन रीती, तीन आकडे. कुठली धरायची ते सीएला विचारून एकदाच ठरवा, एकाच फंक्शनमध्ये लिहा आणि छापील बिल, जीएसटी रिटर्न, रिपोर्ट सगळ्यांना तेच फंक्शन वापरायला लावा. कराचा दर कोडमध्ये लिहू नका, ‘कधीपासून लागू’ या तारखेसह टेबलात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोल्यांचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा ज्यांनी आकडा कोडमध्ये ठोकला होता त्यांच्याकडे जुनी बिलं पुन्हा छापली की नव्या दराने निघत.

प्रश्न : रिसॉर्टच्या साइटचं पहिलं पान मोबाइलवर फार उशिरा दिसतं. (वास्को)

उत्तर : पहिलाच फोटो ४००० पिक्सेल रुंदीचा आहे आणि त्याला ‘लेझी’ (दिसायची वेळ आली की मगच फोटो आणणं) लावलं आहे. दोन्ही उलटं करा. फोटो वेबपी किंवा एव्हीआयएफमध्ये, ४८०, ८०० आणि १२०० पिक्सेल अशा तीन रुंद्यांत करून सोर्ससेटमध्ये द्या. सगळ्यांत वरच्या फोटोवरून लेझी काढून फेचप्रायॉरिटी ‘हाय’ ठेवा, खालच्या फोटोंना लेझी राहू दे. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहा, नाहीतर पान उड्या मारतं. लक्ष्य : मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसणं, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद. हे दहापैकी साडेसात भेटींत साधलं पाहिजे, सरासरी पाहू नका.

प्रश्न : गर्दीच्या वेळी पोस्टग्रेस ‘टू मेनी क्लायंट्स’ म्हणून नवी जोडणी नाकारतो. मॅक्स_कनेक्शन्स १०० वरून ५०० करू का? (पणजी)

उत्तर : नको. पोस्टग्रेसमध्ये दर जोडणीमागे एक स्वतंत्र प्रोसेस असते. पाचशे प्रोसेस तेवढ्याच कोरसाठी भांडू लागल्या की सगळ्याच मंदावतात. तुमचा हिशेब पाहा : ४ सर्व्हर, प्रत्येकी ८ वर्कर, दर वर्करचा पूल (तयार ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) १० चा. म्हणजे ३२० जोडण्या मागायची सोय तुम्हीच केली आहे. पूल वर्करमागे २ वर आणा, ६४ होतील.

मग पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (चालू जोडण्यांची यादी) उघडा आणि ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ किती आहेत ते मोजा. तुमच्या कोडमध्ये ट्रान्झॅक्शन उघडून मधेच बाहेरच्या एपीआयला हाक मारली आहे. तिकडून उत्तर यायला तीन सेकंद लागले तर जोडणी आणि तिने धरलेली कुलपं तीन सेकंद अडकून पडतात. हाक ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा. एक्सेप्शन आल्यावर जोडणी परत जाते ना, तेही पाहा. पायथनमध्ये विथ, जावामध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस यासाठीच आहेत. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ३० सेकंदांवर ठेवलात तर विसरलेल्या जोडण्या डेटाबेस स्वतःच तोडेल. एवढं करूनही कमी पडलं तर जोडण्या वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवा.

प्रश्न : एपीआय की (सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चुकून गिटवर पब्लिक रेपोमध्ये गेली. फाइल काढून पुन्हा पुश केलं. पुरेसं आहे ना? आणि नवा लॅपटॉप घेताना काय पाहू? (फर्मागुडी, विद्यार्थिनी)

उत्तर : नाही. आधी ती की रद्द करून नवी घ्या, हे वाचता वाचता. फाइल काढली तरी जुन्या कमिटमध्ये की आहे, आणि पब्लिक रेपोंवर अशा की शोधणारे बॉट सतत फिरत असतात. इतिहास गिट फिल्टर-रेपोने साफ करता येतो, पण ज्यांनी आधीच क्लोन केलं त्यांच्याकडची प्रत राहते. गिटइग्नोरमध्ये नाव घालून, आधीच ट्रॅक होत असलेल्या फाइलला काही फरक पडत नाही. त्यासाठी गिट आरएम ‘कॅश्ड’ पर्यायासह चालवा. लॅपटॉपबद्दल विचारलंत : अँड्रॉइड एम्युलेटर आणि डॉकर चालवायचं तर १६ जीबी रॅम आणि एसएसडी. प्रोसेसरसाठी जास्तीचे पैसे घालण्याआधी हे दोन पाहा.

प्रश्न : दूध संकलनाची नोंद मोबाइलवर घेतो. पावसात रेंज जाते, मग त्याच दुधाची नोंद दोनदा पडते. (सत्तरी)

उत्तर : रेंज गेली की नोंद सर्व्हरवर पोचली पण पोच परत आली नाही, असं होतं. मोबाइल बिचारा पुन्हा पाठवतो. नोंद तयार होते त्याच क्षणी मोबाइलवरच तिला यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) द्या, पाठवताना नव्हे. सर्व्हरवर त्या यूयूआयडीवर युनिक इंडेक्स ठेवा. तीच नोंद पुन्हा आली तर एरर न देता पहिल्या वेळचंच उत्तर परत द्या, म्हणजे मोबाइल ती रांगेतून काढेल. पुन्हा पाठवण्याचं अंतर वाढवत न्या : २ सेकंद, ४, ८, पुढे जास्तीत जास्त ५ मिनिटं, आणि त्यात थोडं रँडम मिसळा. नाहीतर टॉवर सुरू झाल्याबरोबर सगळी केंद्रं एकदमच सर्व्हरवर धडकतील.

नोंदी इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधल्या साठ्यात) साठवा. आयफोनच्या सफारीत साइट सात दिवस वापरली नाही तर हा साठा पुसला जातो. होम स्क्रीनवर बसवलेल्या ॲपला ते लागू नाही, म्हणून संकलकांना ॲप बसवूनच द्या. मोबाइलचं घड्याळ चुकलेलं असू शकतं. मोबाइलची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ असे दोन कॉलम ठेवा, आणि सकाळ-संध्याकाळची पाळी वेळेवरून न काढता संकलकाला बटणाने निवडू द्या.